नवं दावं

इंदूवहिनीने जुनी मोटारसायकल घ्यायची ठरवली, तेव्हा ती कशाला घेतेयस असं गावात कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की चालवणार कोण? मीच, असं ती म्हणाली की माणसं हसायची आणि पुन्हा तेच विचारायची. मी तिचा शेजारी, म्हणून मलाही विचारून भंडावलं. माझं डोकं फिरलं. बाईने उत्तर दिलंय ना, मग अजून कोणाचं उत्तर हवंय?

कशाला ते सगळ्यांना ठाऊक होतं. पळसदरीच्या अलीकडे आमचं गाव. नवरा गेल्यावर वहिनीने गोठ्यातल्या म्हशी सोडल्या नाहीत. दहिवलीच्या बिल्डिंगांमध्ये दारोदार फिरून तिने स्वतः रतीब लावले. पण दूध तिथवर पोचवायचा तिचा धाकटा दीर लडकू, आपल्या टेंपोतून. सुट्टीच्या दिवशी फार्महाऊसचं भाडं लागलं की लडकू तिकडे पळायचा आणि दुधाचे कॅन ओट्यावर उन्हात तापत बसायचे. दूध नासायचं, गिऱ्हाईक तुटायचं. वर हाच शहाणा सांगायचा, की बाईमाणसाला झेपत नाही, म्हशी विकून टाका. गोठ्याच्या जागेत त्याला टेंपो उभा करायचा होता. चोर तो चोर वर शिरजोर, दुसरं काय.

स्कूटी घे, बायकांना ती बरी, असं बायकाच सांगायला लागल्या. स्कूटीच्या पायाशी एक कॅन मावतो, दुसरा काय डोक्यावर घेऊ, असं म्हणून वहिनीने तो विषय संपवला.

दहिवलीच्या नागू दूधवाल्याने गुडघ्यांपायी धंदा बंद केला होता. त्याच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचे लोखंडी आकडे होते. त्या आकड्यांवरच वहिनीचा जीव. तिने मला बरोबर नेलं ते फक्त गाडी घरी आणण्यासाठी, आणि नेलं भल्या सकाळी, नागूला न कळवता. म्हैस घ्यायला असंच जायचं असतं. सांगून गेलं, तर विकणारा एक वेळची धार काढत नाही आणि तटतटलेली कास दाखवतो. वहिनीने इंजिनावर तळवा ठेवून ते गार आहे, आधीच चालू करून तापवून ठेवलेलं नाही, याची खात्री केली, मगच गाडी चालू करायला लावली. धूर पाहिला, आवाज ऐकला, खाली वाकून तेल गळतंय का पाहिलं. नागू मात्र सगळी उत्तरं मला देत होता. ती विचारायची आणि हा माझ्याकडे बघून सांगायचा. शेवटी ती आम्हा दोघांच्या मध्येच येऊन उभी राहिली.

सौदा ठरला, तसा नागूने पाना आणला आणि आकडे सोडवायला घेतले. मी खवळलो. वहिनीने मलाच गप्प केलं. जनावर विकताना मालक दावं देत नाही, ते त्याच्या गोठ्यात राहतं, तिथली बरकत जाऊ नये म्हणून. घेणाऱ्याने आपलं नवं दावं आणायचं. नागूचा जन्म म्हशींत गेलेला, त्याचं दावं म्हणजे ते आकडे. ज्या आकड्यांसाठी गाडी घेतली तेच सोडून देताना वहिनीच्या जिवावर आलं होतं, पण रीत ती रीत. तिनेही पिशवीतून कोरं दावं काढून हँडलला बांधलं. ती सवयीने घेऊनच आली होती. दहिवलीच्या नाक्यावरून ती गाडी आणताना माझी काय शोभा झाली, ते मलाच माहीत.

वाटेत मी तिला सांगितलं, की ब्रेक धरत नाही, आधी लायनर बदलून घेऊ. तिचं उत्तर ठरलेलं होतं, गाडी चालते ना, मग झालं, चालतं जनावर दमलं की आपोआप थांबतं. म्हशीत बघतात ते सगळं तिने गाडीत बघितलं होतं. म्हशीला ब्रेक नसतो.

भात निघून मोकळ्या झालेल्या शेतात शिकवणी सुरू झाली. क्लच पटकन सोडायची आणि गाडी बंद पाडायची. मग एके दिवशी गाडी सुटली. वहिनीने ब्रेकवर सगळा भार टाकला, तरी गाडी थांबेना. ती सरळ बांध ओलांडून उकिरड्यात गेली. सगळं गाव हसलं. मीसुद्धा हसलो, पण लडकू हसला तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली.

"वयनी, आज उकिरड्यात पडलाव, उद्या हायवेला पडाल," तो म्हणाला. "म्हशींना गिऱ्हाईक मी बघतो."

कोपरापर्यंत शेण लागलेलं, ते पदराने पुसत वहिनी उठली. "मी पडले तर उठंन, भावजी. नासलेलं दूध उठत नाय."

त्याच दिवशी ती गाडी ढकलत दहिवलीच्या मेकॅनिककडे घेऊन गेली. मला हातसुद्धा लावू दिला नाही. ब्रेक नवे झाले. मग ती रोज शेतात यायची, गाडी पळवायची आणि बांधाशी आणून थांबवायची. ती थांबायलाच शिकत होती. इकडे लडकूचा टेंपो आणखीच उशिरा निघायला लागला आणि दोन बिल्डिंगांचे रतीब तुटले. अजून थोडे तुटले असते तर म्हशी विकण्यावाचून इलाज उरला नसता.

पक्कं लायसन हातात आलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनीने कॅन गाडीला लावायला घेतले. एक कॅन त्या कोऱ्या दाव्याने घट्ट बसला. दुसरा सुतळीने धरेना. एवढ्यात लडकू आला, बरोबर खालापूरचा म्हशींचा व्यापारी. व्यापाऱ्याच्या खांद्यावर नवं दावं होतं. लडकूने वहिनीला न विचारताच आणलं होतं त्याला.

वहिनी पुढे झाली आणि तिने दाव्यासाठी हात पुढे केला. म्हैस बांधून देणार असं वाटून व्यापाऱ्याने ते मुकाट्याने दिलं. ती गोठ्याकडे गेलीच नाही. गाडीपाशी येऊन तिने दुसरा कॅन बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"दावं तेवढं कामाचं आणलंत," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "म्हशी विकायच्या नायत."

लडकू काहीतरी बोलायला लागला. तिने हेल्मेट घातलं, त्यामुळे तिला ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. पहिल्या किकला गाडी बंद पडली, दुसऱ्या किकला धरली. गल्लीच्या तोंडाशी लडकूचा टेंपो आडवा उभा होता. वहिनीने ब्रेक दाबला. गाडी टेंपोच्या अलीकडे जागच्या जागी उभी राहिली, कॅनमधलं दूध हिंदकळलंसुद्धा नाही. मग तिने हॉर्नवर अंगठा ठेवला आणि तो उचललाच नाही. घराघरांतून माणसं बाहेर आली. लडकू धावत गेला आणि त्याने टेंपो मागे घेतला.