उत्तरापुरतं पाणी

धारणीच्या उपअभियंत्यानं मला फसवलं, मी मुन्नीबाईला फसवलं आणि मंत्रीसाहेबांनी विधानसभेला फसवलं. यातलं मधलं खोटं आहे. पण गावानं कितीतरी दिवस तेवढंच खरं मानलं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी पाणीपुरवठ्याचा ठेकेदार. गाव नांदगाव खंडेश्वर, धंदा अकोल्यात. जुन्या शहरातल्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरतात तिथं, धंदा शिकलो. खात्यात कोणी काका-मामा नव्हता. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. माझं डोकं लवकर तापतं असं लोक म्हणतात. मी पाहिलेत तसले साहेब लोकांनी पाहिलेले नाहीत.

मेळघाटातल्या एका गावाची नळयोजना माझ्याकडे होती. विहीर, पंप, टाकी, गल्लोगल्ली नळ, सगळं उभं केलं. राहिली फक्त वीज. विजेचे खांब जंगलातून जाणार, म्हणून वनखात्याची परवानगी हवी. परवानगी मागायचं पत्र धारणीच्या उपविभागानं पाठवायचं. गावाला पाणी नाही, तातडी आहे, असं त्यात लिहायचं. पत्र गेलं, अमरावतीला पोचलं आणि तिथं हवा मानवली म्हणून राहिलं. तोवर माझ्या टाकीचा उपयोग एकच, बकऱ्या सावलीला बसायच्या. बायका नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. मुन्नीबाई जांबेकर गावची सरपंच. कोरकू बाई, आमच्याशी हिंदीत बोलते आणि तोंडावर बोलते.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि उपअभियंता पाटसकर साहेबांचा फोन आला. साहेब पुण्याकडचे. माझं बोलणं ऐकलं की यांना वाटतं मी भांडतोय. बहुतेक वेळा बरोबर वाटतं.

"वानखडे, एलएक्यू आलाय. ताबडतोब या."

एलएक्यू म्हणजे आमदारानं सभागृहात विचारलेला प्रश्न. सरकारी कचेरीत या तीन अक्षरांना लोक भुतापेक्षा जास्त भितात. आमदार मंत्र्याला विचारतो. मंत्र्याला काय माहीत? तो सचिवाला विचारतो, सचिव अमरावतीला, अमरावती धारणीला. धारणीचा साहेब साइटवर गेलेला नसतो, म्हणून तो ठेकेदाराला फोन लावतो. म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीनं राज्य सरकारला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी परतवाड्याच्या पुढं घाटात जीपचं चाक बदलणारा माणूस देतो. लोकशाही चांगली आहे. फक्त तिनं रेंज असताना फोन करावा.

धारणीच्या कचेरीत पोचलो. प्रश्न नेहमीच्या साच्यातला होता. गावात नळयोजना असूनही पाणी नाही, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

"सोपं हाय," मी म्हणालो. "खरं हाय म्हणून लिवा. वीज नाई."

"अहो, पहिल्याला खरं म्हटलं की खालच्या सगळ्यांना उत्तरं द्यावी लागतात. मग वनखातं येतं, वीज कंपनी येते, आमदार उपप्रश्न विचारतात. आणि शेवटी माझी बदली येते."

"अन् खरं नाई म्हणून लिवलं तं?"

"मग खाली एकच ओळ. प्रश्न उद्भवत नाही."

"पण साहेब, पाणी नाई ना बापा!"

"म्हणून तर बोलावलं तुम्हाला." साहेबांनी चष्मा पुसला. "उत्तर जाईल त्या दिवशी पाणी असलं पाहिजे. तुमचा जनसेट कुठे आहे?"

ही पद्धत मला नवी नव्हती. काम करून मग उत्तर द्यायचं, हे बाहेरच्या लोकांना वाटतं. इथं आधी उत्तर ठरतं, मग त्याच्या मापाचं काम करतात. शिंप्यानं सदरा शिवून माणूस कापावा तसं.

जनसेट, म्हणजे डिझेलवर वीज करणारा जनरेटर, माझा, अकोल्याला गोदामात. पिकअपमध्ये टाकून घाट चढवायचा होता. म्हणजे सौद्याची दोरी माझ्या हातात होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"एक दिवस."

"एक दिवसासाठी पाहिजे तं लग्नाचा बॅन्डवाला सांगा."

"बरं, अधिवेशन संपेपर्यंत."

"खांब येईस्तोवर. डिझेल तुमचं. कबूल असन तं बोला, नाई तं मी चाललो."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर कचेरीचीच भिंत होती.

"बरं. खांब येईपर्यंत. शब्द."

जनसेट गावात पोचला. साहेबांनी तो टाकीच्या मागं ठेवून वर ताडपत्री टाकायला लावली. फोटोत आवाज येत नाही, एवढं इंजिनीअरिंग त्यांना येत होतं. टाकी भरायला वेळ लागला असता, म्हणून पंप थेट नळांच्या लाइनला जोडून घेतला. टाकीत थेंब नाही आणि नळाला ही धार! बायका हंडे घेऊन धावल्या. साहेबांनी फोटो काढले, ज्यात जागा आणि वेळ आपोआप छापून येते त्या कॅमेऱ्यानं. एका म्हातारीला त्यांनी भरलेला हंडा रिकामा करून पुन्हा भरायला लावला. तिनं कोरकूत काहीतरी म्हटलं. बायका खूप हसल्या. साहेबांना वाटलं आभार मानले.

मुन्नीबाई हसली नाही. "साहब, ये मशीन कब तक रहेगा?"

"खंबे आने तक."

तिनं साहेबांकडे पाठ केली आणि मला म्हणाली, "साहब की तो बदली हो जाती है. ठेकेदार, तू बोल."

"बाई, माझी जबान. खंबे आने तक मशीन नहीं हिलेगा."

बाजारात माझा धंदा जबानीवर चालतो. ती जबान मी तिथं गावासमोर ठेवली.

प्रश्न सभागृहात आला तो दिवस आम्ही उपविभागात मोबाइलवर पाहिला. मंत्रीसाहेब उभे राहिले. "हे खरे नाही. गावास पाणीपुरवठा सुरू आहे." प्रश्न विचारणारे आमदार विरोधी बाकावरचे. ते उठले, "आज सुरू आहे, उद्याचं काय?" मंत्रीसाहेबांनी मागं बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली. मंत्रीसाहेब म्हणाले, "पाणीपुरवठा अखंडित राहील, अशी मी सभागृहाला ग्वाही देतो." बाकं वाजली. पाटसकर साहेबांनी कचेरीत आलुबोंडे मागवले. मीही खाल्ले. चांगले होते.

अधिवेशन संपलं. मी अकोल्याला दुसऱ्या कामात होतो. मुन्नीबाईचा फोन आला.

"ठेकेदार, तेरी जबान गाड़ी में डाल के ले गए."

"काय झालं बाई?"

"साहब के आदमी मशीन ले गए. पंप को ताला मारा. तूने धोका दिया."

फोन बंद. परत लावला, तर उचलला नाही. मी तसाच धारणी गाठली. माझा जनसेट उपविभागाच्या आवारात उभा होता, वर तीच ताडपत्री.

"साहेब, हे काहून केलं?"

"बसा, वानखडे. सभागृहात उत्तर गेलंय की योजना सुरू आहे. उद्या कोणी तिथं जनसेट पाहिला तर वीज नाही हे उघडं पडेल."

"अन् खांब?"

"ते पत्र आम्ही मागे घेतलं."

मला वाटलं माझे कान गेले. "मागं घेतलं?"

"पाणी सुरू आहे म्हटल्यावर तातडी कसली? वनखात्याला काय लिहायचं?"

"लिवा का पाणी नाई!"

"असं कसं लिहिणार? सभागृहाला जे सांगितलं त्याच्या उलट लिहिलं तर हक्कभंग होतो."

हक्कभंग म्हणजे सभागृहाचा अपमान, त्याची शिक्षा होते. म्हणजे सभागृहात खोटं सांगितलं तर चालतं, ते खोटं होतं असं कळवलं तर अपमान होतो. मी टेबलावरचा पेपरवेट उचलला. मग खाली ठेवला. सरकारी होता, वसुली लागली असती. जनसेट पिकअपमध्ये घातला आणि शिव्या देत घाट उतरलो. शिव्या ऐकायला फक्त माकडं होती. त्यांनीही माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं.

पंपघराला सरकारी कुलूप. गावात पाय ठेवायची सोय नाही. पाणी नव्हतं तेव्हा निदान खांबांचं पत्र होतं. उत्तर आलं आणि पत्रही गेलं. पुढं अख्खा उन्हाळा बायकांना त्या झिऱ्यावर काढायचा होता, आणि त्याचा गुन्हेगार म्हणून गाव माझं नाव घेत होतं.

प्रश्न विचारणाऱ्या आमदारांकडे मी अमरावतीला गेलो.

"वानखडेभाऊ, मंत्र्यांनी लेखी नाही म्हटलं. विषय संपला," ते म्हणाले.

"कसा संपला? आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाले माल पोचन म्हणून सांगतलं, म्हणजे सौदा झाला. मंत्रीसाहेब अखंडित म्हणाले. साऱ्या सभागृहासमोर म्हणाले. सौद्याले तुमच्या तिथं काय म्हणतात?"

आमदार खुर्चीत सरळ झाले. "आश्वासन म्हणतात."

"मंग धरा ना त्याले!"

मंत्री सभागृहात जे कबूल करतो ते पाळलं की नाही, हे तपासायला आमदारांचीच एक समिती असते. आश्वासन समिती तिचं नाव. ती जिल्ह्यात दौऱ्यावर आली की कचेऱ्यांना रंग लागतो. आमदारांनी त्या एका वाक्यावर समितीला पत्र दिलं. ऐन उन्हाळ्यात समिती धारणीला यायचं ठरलं.

पाटसकर साहेबांचा फोन आलाच. आवाजात मध.

"वानखडेभाऊ, जनसेट."

पहिल्यांदाच मी भाऊ झालो. म्हटलं, "आणतो. फक्त मशीन मी सोता चालवीन."

"एवढंच?"

"एवढंच."

मी एवढ्या स्वस्तात तुटलो, याचा त्यांना संशय यायला हवा होता. घाईत माणूस स्वस्त माल तपासत नाही.

गावात मला पाहून मुन्नीबाई थुंकली नाही, एवढंच. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, जेव्हा मी इशारा करीन तेव्हा नळाजवळ उभी राहा." तिनं हंडा घेतला.

जनसेट टाकीमागं, ताडपत्री वर, पंप पुन्हा थेट लाइनला. समितीच्या गाड्या दिसल्या आणि मी ताडपत्री ओढून काढून जनसेट सुरू केला. नळ धो धो. मी मुन्नीबाईला इशारा केला, तिनं हंडा नळाखाली धरला. समितीचे अध्यक्ष म्हातारे आमदार, धोतर-टोपीवाले. साहेब त्यांच्या कानात ओरडून योजना समजावत होते, कारण आवाजच तेवढा होता.

"हा आवाज कसला?" अध्यक्षांनी विचारलं.

"पंपाचा, सर."

"नाई साहेब," मी पुढं झालो. "माह्या जनसेटचा. बंद करून दाखवू?"

"वानखडे!" साहेब ओरडले.

मी बंद केला. एकदम शांत झालं. नळाची धार बारीक झाली, मग थेंब, मग नळानं खोकल्यासारखा आवाज केला आणि सुकला. मुन्नीबाईचा हंडा अर्धा राहिला. तिनं तो अध्यक्षांसमोर आणून ठेवला.

"साहब, विधानसभा बंद, पानी बंद."

अध्यक्षांनी हंड्यात पाहिलं, मग विजेचे खांब शोधत आजूबाजूला पाहिलं. नव्हतेच. पाटसकर साहेबांना ते एवढंच म्हणाले, "अमरावतीला या. येताना उत्तर नका आणू, खांब आणा."

जे पत्र मागं घेतलं होतं ते पुन्हा गेलं आणि या वेळी धावत गेलं. खांब आले, तार आली. पावसाळ्याच्या तोंडाला टाकी भरली. आता तिथं बकऱ्या बसत नाहीत, गळतं म्हणून. गळती माझी आहे, काढून देईन. मुन्नीबाईनं फोन केला. धोका दिला असं म्हणाली नाही आणि चुकलं असंही म्हणाली नाही. "पानी मीठा है," म्हणाली.

पाटसकर साहेबांची बदली झाली, पुण्याकडेच. जाण्यापूर्वी मला नोटीस देऊन गेले. समितीच्या भेटीदरम्यान जनरेटर विनापरवानगी बंद करून शासनाचा पाणीपुरवठा खंडित केल्याबद्दल लेखी खुलासा करावा, अन्यथा काळ्या यादीत नाव टाकण्यात येईल.

धंद्यात नव्या आलेल्या पोरांना मी आता एकच सांगतो. सरकारचं खोटं खरं करून द्यायला आपलं सामान भाड्यानं देऊ नका. ते आपल्या सामानासह आपली जबानही घेऊन जातात.

सभागृहाच्या कागदावर आजही ते उत्तर तसंच आहे: हे खरे नाही. म्हणून खुलासा मी देणार नाही, प्रश्न विचारणार आहे, त्यांच्याच साच्यात. गावात पाणी नसताना आहे असं विधानसभेला सांगितलं, हे खरे आहे काय? असल्यास, ते वाक्य कोणी लिहिलं, कोणी तपासलं आणि कोणी मान हलवली? त्यांच्यावर कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? ज्या जागेवरून मंत्रीसाहेब ते बोलले, त्याच जागेवरून कोणीतरी उभं राहून उत्तर द्यावं. आणि प्रश्न उद्भवत नाही, असं लिहून पाठवू नये. तो उद्भवला आहे. काळ्या यादीत माझ्या आधी कोणाचं नाव घालायचं, तेही त्यातच सांगावं.