शॉवरमधली चकती

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाही नीट कळत नाही.

लातूरच्या आमच्या इमारतीत आठ घरं आणि गच्चीवर सोलरची एकच टाकी. उशिरा आंघोळ करणाऱ्याच्या वाट्याला गार पाणी यायचं. मी सेक्रेटरी. मीच मागे लागून घरोघरी कमी पाण्याचे शॉवर बसवून घेतले. आत बारीक भोकाची प्लास्टिकची चकती — सगळी बचत तिच्यात. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या शकुंतलाकाकू, निवृत्त शिक्षिका, तेवढ्या नको म्हणाल्या. "मला एक बादली लई झाली."

आणि मी? आठवडाभरात माझी चकती काढून टाकली. त्या बारीक धारेनं आंघोळ झाल्यासारखी वाटेना. आत धो धो पाणी घ्यायचं आणि बाहेर येऊन लोकांना बचत शिकवायची — किती सोपं असतं हो ते!

पाणी पुन्हा संपायला लागलं. मिटिंगमध्ये प्रश्न निघाला, कुठे मुरतंय? आणि मी म्हणालो — हो, मीच — की शॉवर नसलेलं घर एकच आहे.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन मी काकूंच्या गरम पाण्याचा कॉक बंद केला. तेवढ्यावर थांबलो असतो तर... नाही, थांबलो नाही. खाली येऊन माझी चकती गुपचूप परत बसवली. पाणी सगळ्यांना पुरलं. म्हणजे काकूच उधळत होत्या, असं ठरलं. लोकांनी माझी पाठ थोपटली; मी थोपटू दिली.

काकू गॅसवर पाणी तापवून पातेलं बाथरूमपर्यंत नेऊ लागल्या. थंडीत एका सकाळी त्या पातेल्यासकट पडल्या. खुबा मोडला, मांडी भाजली. मुलगी त्यांना मुदखेडला आपल्या घरी न्यायला आली. स्ट्रेचरचं एक टोक मी धरलं होतं. माझ्याकडे बघून काकूंनी विचारलं, "पाणी पुरून राहिलं ना आता सगळ्यांला?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच काळजी होती. तेव्हा तरी बोलता आलं नसतं का? मी मान हलवली.

काकू पुन्हा उठल्या नाहीत. उन्हाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला. श्रद्धांजलीचा फळा मीच लिहिला, चांगल्या अक्षरात. माझी मलाच किळस येते.

आता तिथे नवे भाडेकरू आलेत. गरम पाण्याचा नळ कोरडा आहे म्हणाले. मी गच्चीवर गेलो आणि कॉक उघडला. हात एकदा फिरवण्याचं काम होतं.