शनिवारची सुट्टी शुक्रवारवर

मंडळी, आमच्या अंबडच्या कंपनीत नवे साहेब आलेत. पुढच्या महिन्यापासून साप्ताहिक सुट्टी शनिवारऐवजी शुक्रवारी, अशी आज नोटीस लागली.

कॅन्टीनमध्ये सगळे रफीकभाईंना म्हणाले, "तुमची मजा आहे." शुक्रवारी वणीला देवीला जाता येईल म्हणून मीही खूश होतो.

रफीकभाई म्हणाले, "आम्हाला जुम्म्याला नमाजापुरता वेळ मिळाला की झालं, नंतर कामाला मोकळे. पूर्ण सुट्टी लागते ती सॉलोमनला."

स्टोअरमधला सॉलोमन ज्यू आहे. शनिवारी तो कशालाच हात लावत नाही. तो हळूच म्हणाला, "देवानंच सातव्या दिवशी विसावा घेतला."

"आमचा अल्ला थकत नाही रे," रफीकभाई हसले.

फिलिप म्हणाला, "आमचा प्रभू येशू रविवारी मेलेल्यांतून उठला. पण मी सकाळची उपासना करून सेकंड शिफ्टला येतोच की."

उद्या रफीकभाई आणि फिलिप साहेबांना भेटणार आहेत. शनिवारच ठेवा म्हणून. निघताना त्यांनी मला विचारलं, "येतोस ना?"

देवी कुठल्याही वारी भेटते, हे मला माहीत आहे. तरी मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं?