पदरात बांधलेले केस

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं.

नव्वदच्या सुमारास आई धुळ्याला दवाखान्यात होती. तिथे एक अनोळखी बाई रोज तिन्हीसांजेला यायची. रोग्यांचे केस विंचरायची, नखं कापायची आणि ती नखं, गळलेले केस पदराला बांधून न्यायची. मला करणीचा संशय आला.

“ए बये, सोड ती गाठ!” मी ओरडलो.

“भाऊ, आंग देवनं शे,” ती शांतपणे म्हणाली. “त्यानं काहीच पायखाल येवाले नको. मी नदीमा सोडस.”

देहाचं काही पायदळी येऊ नये म्हणून ती ते नदीत सोडते, हे मला पटलं नाही. मी तिला हाकलून दिलं.

पुढच्याच आठवड्यात आई गेली. तिचे केस नुकते विंचरलेले होते, नखं कापलेली. मी दिवसभर उशाशीच होतो. कोणीही आलं नव्हतं.

पांझरा नदीच्या काठी मी त्या बाईला बरेचदा शोधलं. “अक्का, माझं चुकलं,” एवढंच म्हणायचं होतं.