मच्छरदाणीची चौथी काठी

नोकरीसाठी बडोद्याहून पुण्याला निघालो त्या सकाळी देवापुढच्या तलवारीला नमस्कार करताना मी तीच धपकन खाली पाडली. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार. त्यांची ही तलवार कायम लाल कापडात बांधलेली, दसऱ्यालाही तशीच पुजायची. मी उचलणार तोच आई ओरडली, "हात लावू नकोस!" वडील मान खाली घालून बसले. शेजारच्या जशोदाबेननी गाडी सुटेल म्हणून मला दाराबाहेर ढकललं, "आवजे दीकरा, गाडी छूटी जशे!"

पुण्यात मी कॉम्प्युटरवाला झालो. सासुरवाडीत छाती फुगवून सांगायचो, आमच्या घराण्यात तलवार उघडत नाहीत, उघडली तर रक्त मागते. स्वतः झुरळ दिसलं की खुर्चीवर.

वडील गेले. आईला पुण्याला न्यायचं म्हणून घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतलं ते घर रिकामं करायला मी आणि बायको बडोद्याला गेलो. मला तिथल्या दुपारी नको होत्या. दारूबंदीच्या राज्यात वडील भरदुपारी पिऊन यायचे आणि कडी वाजली की आई मला जशोदाबेनकडे पळवायची, एवढं आठवत होतं.

सामान बांधताना माझ्या धांदरटपणाने लाल कापडाची गाठ सुटली. आत मच्छरदाणीची काठी! मुठीच्या जागी चिंध्यांचा गोळा. आमच्या मच्छरदाणीला तीनच काठ्या होत्या. चौथं टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं. मला वाटायचं, सगळ्यांकडे तसंच असतं.

आई भांडी गुंडाळत राहिली. "पाच वर्षांचा होतास. पिऊन आले आणि तलवार तुझ्यावर उपसली."

मी मनगटावरचा वण पाहिला. आजवर तो कपाटाचं दार लागल्याचा होता.

"गणपती बुडवायला गेलो तेव्हा जशोदाबेनने आणि मी ती सुरसागर तळ्यात सोडली. दसऱ्याला सगळी पोळ पूजेला येणार, जागा रिकामी कशी ठेवू?"

"आणि बाबा?"

"त्यांना ठाऊक होतं. त्या दसऱ्याला काठीपुढे हात जोडले, आणि दारू सोडली ती सोडलीच. दरवर्षी पहिला नमस्कार त्यांचाच असायचा रे."

पोळमध्ये राहिलेल्यांनो, माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, घर म्हटलं की आता मला खिडकीच्या गजाला बांधलेलं ते टोक दिसतं. त्याच्याखाली मी निर्धास्त झोपलो.

परतीच्या गाडीत आईचा डोळा लागला. काठी माझ्या मांडीवर. बायको हळूच म्हणाली, "अहो, दसऱ्याला हीच पुजू या. पण आता कापडात नको. मुलांना बघू दे."