तांडेलांचं त्रियाल

"बाई, रक्त नाय हे. नुसता रंग उडालाय."

दवाखान्याच्या अर्ध्या दारावर रेलून तांडेल असं म्हणाले, की मी हातातलं काम टाकून कापूस आणि आयोडिन काढायची. त्यांच्या एका हातात कुणातरी पोराचं मनगट धरलेलं असायचं आणि पोराचं कोपर नाहीतर गुडघा चांगला सोललेला असायचा. पोर रडत नसे. तांडेलांसमोर रडायची सोय नव्हती. आयोडिन लागलं की पोर ओठ आवळून छताकडे बघे, आणि तांडेल त्याच्या वतीने "स्स" करीत.

त्या वर्षांत मी मांडवीजवळच्या एका डॉक्टरांकडे नर्स होते. नुकतीच नोकरीला लागलेली. तांडेल आमच्याच आळीत भावाच्या घरी राहत. आगबोटीवर खलाशांचे म्होरके होते, म्हणून सगळे त्यांना तांडेलच म्हणत. त्यांचं पाळण्यातलं नाव मी कधी ऐकलं नाही, विचारलंही नाही. बोटीच्या तळात पडून कंबरेचं हाड मोडलं आणि कंपनीने त्यांना घरी पाठवलं, एवढं आळीला माहीत होतं. चालताना डावा पाय फेकून टाकत. लग्न केलेलं नव्हतं. दिवसा बर्फाच्या कारखान्यात यंत्राकडे बघत, आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या सड्यावर पोरांना घेऊन जात.

तिथे काय चालतं, ते मला पोरांच्या जखमांवरूनच आधी कळलं. शेवटी मी एकदा विचारलं, "तांडेल, तुम्ही यांना शिकवता तरी काय?"

"त्रियाल," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"या रविवारी. आनि येताना ती बाटली घेऊन या."

सडा तुम्ही पाहिला असेलच. मैलभर उघडा, काळपट जांभा दगड. मध्येच खड्डा, मध्येच कंबरेइतकी पायरी, कुठे दोन खडकांत हातभर फट. माणसाने चालताना जपून चालावं अशी जागा. तिथे पोरं सायकली चालवत होती. पुढे जात होती असं म्हणवत नाही. लहान चाकांच्या त्या सायकली, मडगार्ड काढलेले, सीट पार खाली उतरवलेली, मागे मोठं दातेरी चक्र बसवलेलं. पोरं पॅडलवर उभी राहून, दोन्ही ब्रेक दाबून, सायकलीसकट उड्या मारत एका खडकावरून दुसऱ्यावर जात होती. नियम एकच होता. पाय जमिनीला लावायचा नाही.

तांडेलांनी हे पाहिलं होतं स्पेनच्या एका बंदरात. इंजिन बिघडल्यामुळे त्यांची बोट तिथे बरेच दिवस अडकली होती. धक्क्यावर रचलेल्या दगडांवर तिथली पोरं संध्याकाळी येऊन हाच खेळ खेळत. बाकीचे खलाशी गाव बघायला जात, हे धक्क्यावर बसून राहत. "नाव विचारलं तर त्रियाल म्हनाली. मग आपन पन त्रियालच म्हनायचं," असं ते सांगत. ते स्वतः सायकलवर कधीच बसले नव्हते. त्या कंबरेने शक्यच नव्हतं. पाहिलेलं सगळं ते हातांनी दाखवत. दोन्ही मुठी पुढे धरायच्या, खांदे मागे घ्यायचे, आणि एकदम "हं!" म्हणायचं. त्या "हं"वर पोराने उडी घ्यायची.

सुरुवातीला दिलीप एकटा होता. त्याची आई मिरकरवाड्यात मासळी विकायची. मग त्याने मित्र आणले, मित्रांनी भाऊ आणले. मी जायला लागले तोवर सड्यावर चांगली डझनभर पोरं जमत होती. गावात लोक विचारत, "तांडेल, सर्कस काढताय काय?" तांडेल मान डोलवत आणि म्हणत, "व्हय, वाघ तेवढा मिळत नाय."

नंदा आली ती भांडायला.

पावसच्या रस्त्याला एका आंब्याच्या बागेत तिचे वडील राखणदार होते. तिचा धाकटा भाऊ आदल्या रविवारी पडला होता, कपाळाला मीच पट्टी बांधली होती. ही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी दोन वेण्या उडवत सड्यावर आली आणि तांडेलांसमोर उभी राहिली.

"माझ्या भावाला तुमी पाडलंत."

"मी खंय पाडलं गो? दगडाने पाडलं."

"एवढं काय कठीण हाय त्यात? द्या बघू इकडे."

तिने परकर खोचला, दिलीपच्या हातातली सायकल घेतली आणि एका खडकावर जाऊन चढली. चढली आणि थांबली. तेच तर अवघड असतं. सायकल पुढे जात असली की तोल आपोआप राहतो, उभी राहिली की जातो. नंदा पॅडलवर ताठ उभी, हँडल जरासं वाकडं, आणि सायकल त्या दगडात रोवल्यासारखी गप्प. तांडेलांनी हातातली विडी विझवली.

"उतर आता," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "आनि पुढच्या रविवारी ये. भांडायला ये, पन ये."

पुढची दोनेक वर्षं मी आयुष्यात विसरणार नाही. पावसाळ्यात कातळावर शेवाळं धरे, तेव्हा बर्फाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये रिकाम्या खोक्यांवर सराव चाले. पोरं एकमेकांची सायकल दुरुस्त करायला शिकली. पुढच्या चाकाचा चिमटा वाकला की सगळी मिळून सरळ करीत. नंदा भावाची हाफ पँट घालून यायला लागली, त्यावरून बागेत बरंच बोलणं झालं. तिने ते मला सांगितलं, तांडेलांना सांगितलं नाही. मला त्यांनी पंच केलं होतं. कुणाचा पाय किती वेळा टेकतो ते मोजायचं. पोरं माझ्याशी हुज्जत घालत, "सिस्टर, तो पाय नव्हता, चप्पल होती."

मग तांडेलांच्या मनात आलं, की हे बाहेरच्या माणसांनी बघायला हवं. कुणीतरी मोठ्या माणसाने बघितलं, तर पोरांना कुठेतरी पाठवता येईल. ते जिल्ह्यातल्या खेळांचं काम बघणाऱ्या एका साहेबांकडे पुन्हा पुन्हा गेले, आणि साहेब एका रविवारी खरोखरच आले. जीपमधून आले. आम्ही दगडांना चुना मारला होता. साहेबांसाठी दवाखान्यातली खुर्ची मी रिक्षात घालून नेली होती.

पोरं त्या दिवशी इतकी छान खेळली, की मला मोजायला फारसं काही उरलं नाही. नंदाने कंबरेइतकी पायरी एका उडीत घेतली आणि वर जाऊन निश्चल उभी राहिली. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"पहिला कोण आला?" त्यांनी विचारलं.

"साहेब, यात पहिला कोन येत नाय," तांडेल म्हणाले. "ज्याचा पाय कमी टेकला त्याचा खेळ चांगला."

"म्हणजे स्लो सायकलिंग. ते आमच्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनात असतं."

"तसं नाय साहेब. दगड बघा ना."

"दगड बघितले. पोरगं पडलं, डोकं फुटलं, तर जबाबदार कोण?"

साहेबांनी सगळ्यांना खूप अभ्यास करायला सांगितलं आणि ते गेले. खुर्ची उन्हात तशीच होती. दिलीप तिच्यावर बसून साहेबांची नक्कल करायला लागला, पोरं हसली, तांडेलही हसले. पण सायकली आवरताना त्यांनी त्या दिवशी कुणाला "हं" म्हटलं नाही.

त्यानंतर ओहोटीच लागली. दिलीप मुंबईला मामाकडे गेला, एका वर्कशॉपमध्ये लागला. जाताना तांडेलांच्या पाया पडला आणि गणपतीत येईन म्हणाला. गणपतीत आला तो सड्यावर आला नाही. नवीन बूट होते, लाल माती लागेल म्हणाला. एकजण आयटीआयला गेला, दोघे बापाबरोबर बोटीवर जायला लागले. कुणी भांडून गेलं नाही, कुणाचं चुकलं नाही. प्रत्येकाला जायलाच हवं होतं. रविवारी मी आयोडिनची बाटली घेऊन जाई आणि ती न उघडता परत आणी.

नंदा मात्र येत राहिली. तांडेलांना कुठून तरी कळलं, की पुण्याच्या बाजूला काही सायकलवाले टेकडीवर असलाच काहीतरी खेळ भरवणार आहेत. त्यांनी ठरवलं, नंदाला न्यायचं. मी सोबत जायचं, म्हणजे घरचे नाही म्हणणार नाहीत. आम्ही दोघं बागेत गेलो.

नंदाच्या वडिलांनी आम्हाला बाकावर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. तांडेलांनी सगळं सांगितलं. वडील ऐकत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "तांडेल, तिचं जमलंय. पोरगा लोट्याला कंपनीत हाय. असं ठिकान आमच्याकडे पुन्हा चालून यायचं नाय."

"लग्न करा की. त्याच्या आधी दोन दिवस द्या मला. सिस्टर हायत संगती."

आतून तिची आई बाहेर आली. "आनि पाय मोडून आली तर? कोन करून घेईल तिला? तुमी सांगा."

तांडेल आपल्या फेकत्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या नंदाला विचारलं, "तुझं काय म्हननं गो?"

"मला नका विचारू, काका," नंदा म्हणाली, आणि आत गेली.

परतीच्या एसटीत तांडेल खिडकीशी बसले. मी म्हटलं, "तांडेल, नवीन पोरं येतील." ते म्हणाले, "येतील." तसं म्हणताना ते बाहेर बघत होते.

नंदाचं लग्न वैशाखात झालं. त्याच वर्षी सड्याच्या मालकाने कातळ चिरेखाणीला दिला. आम्ही जिथे खेळत होतो, ती पायरी सगळ्यात आधी गेली. सरळ कापत कापत माणसं खाली उतरत गेली, आणि चौकोनी चिऱ्यांचे ढीग काठावर रचले जाऊ लागले. तांडेल तिथे जाऊन बसत. खाणीवरचे कामगार त्यांना चहा देत. मी विचारलं, "कशाला जाता उन्हात?" तर म्हणाले, "काय नाय, बघतो. अजून एक कोपरा ऱ्हायलाय."

त्या राहिलेल्या कोपऱ्यावर एका सकाळी ते स्वतः सायकलवर चढले. नंदा चालवायची ती सायकल घेऊन गेले होते. खाणीच्या लॉरीतून कामगारांनी त्यांना दवाखान्यात आणलं. मी दार उघडलं, तर दोघांनी त्यांना फळीवर धरलेलं, चेहरा पांढरा. कंबर पुन्हा गेली होती, तीच बाजू. डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं.

गाडी येईपर्यंत मी त्यांचा हात धरून होते. "तांडेल, असं का केलंत?"

"इतकी वर्षं पोरांना सांगत होतो ना, असं कर, तसं कर. खरं सांगत होतो काय ते बघायचं होतं."

"मग?"

"खरं होतं," ते म्हणाले. "उभा ऱ्हायलो मी. जरासा."

त्यानंतर ते उठले नाहीत. वर्षभर भावाच्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर होते. भावजय मनापासून करायची, पण पोरं गेल्यावर पडवीत येऊन पडलेल्या सायकलींमुळे तिला वाळवणाला जागा नव्हती, तिचं तरी काय चुकत होतं. एक सायकल भंगारात गेली, मग उरलेल्या. त्यांची सीट इतकी खाली होती, की मोठ्या माणसाला त्या चालवता येत नव्हत्या आणि लहानांना त्यांचं वजन झेपत नव्हतं. तांडेलांनी विचारलं नाही. दिलीपला मी दोनदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा निरोप पाठवला. तिच्या भावाने येऊन सांगितलं, ताईला सध्या कुठे जाऊ देत नाहीत.

श्रावणात तांडेल गेले. खांदा द्यायला आळीतली माणसं होती, बर्फाच्या कारखान्यातले चौघे होते. सड्यावरचं कुणी नव्हतं.

त्याआधीची उन्हाळ्यातली एक संध्याकाळ मला आठवते. कामावरून येताना पट्टी बदलायला गेले होते. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. मी त्यांना कुशीवर वळवलं, जखमा पुसल्या. ते ओठ आवळून भिंतीकडे बघत होते. खाटेजवळची खिडकी रस्त्यावर होती. शाळा सुटली होती, सायकलवरून पोरांचा एक घोळका ओरडत चालला होता. एकाने हँडल सोडून दोन्ही हात वर केले होते.

"तांडेल, बघा तरी," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली नाही. "खिडकी लाव गो," ते म्हणाले. "धूळ येते."

मी खिडकी लावली. खोलीत अंधारलं. पोरांचा आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला, मग कोपऱ्यावर वळून गेला. मी सामान पिशवीत भरायला लागले.

"घाई हाय काय तुला?"

"नाही."

"मग बस जरा."

मी खाटेच्या कडेला बसले. त्यांनी डोळे मिटले. मी पिशवी पायाशी ठेवली.