नेमूचा पेला

माग थांबले तेव्हाच काहीतरी झाल्याचं मला कळलं. इचलकरंजीत आमच्या घराला लागूनच मागांची शेड आहे, आणि पाळी बदलतानाही तिचा खडखडाट पुरता कधी बंद पडत नाही. त्या दुपारी सगळं एकदम गप्प झालं. पिठाचे हात तसेच घेऊन मी दारात आले, तर हे टोपी हातात धरून येत होते. कोल्हापूरहून फोन आला होता. "नेमू गेला," एवढंच म्हणाले. माझा पाठचा भाऊ, कॉलेजात प्रोफेसर, अजून तिशीही न ओलांडलेला... विषमज्वराने गेला.

त्यानंतर त्याच्याविषयी पुष्कळ बोललं गेलं. शोकसभेत पोरं रडली. एका प्राध्यापकांनी सांगितलं, की विद्यार्थिदशेत आलेल्या मोठ्या आजारावर त्याने जिद्दीने मात केली होती. मी बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते आणि, खोटं कशाला बोलू, गेलेल्या भावाचा मला हेवा वाटत होता. तो आजार मला चांगला माहीत होता. तो मलाही झाला होता. फक्त माझ्या वेळी त्याला आजार म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी दीड वर्षाने मोठी, पण मला शाळेत उशिरा घातलेलं, त्यामुळे आम्ही एकाच वर्गात. कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या वडिलांची, आप्पांची गुळाची अडत होती. नेमूची सोबत आहे म्हणूनच मला कॉलेजात जायला मिळालं होतं आणि मला बी.ए. व्हायचंच होतं. त्या हिवाळ्यात दोघांचंही बिनसलं. पुस्तक उघडलं की ओळी नुसत्या दिसायच्या, आत शिरायच्या नाहीत. सकाळी उठावंसं वाटायचं नाही. कारण विचाराल तर काहीच नव्हतं. नेमूने कॉलेज बुडवायला सुरुवात केल्यावर घरात धावपळ उडाली आणि डॉक्टर आले. त्यांच्या हातावर पाणी घालायला तांब्या आणि टॉवेल घेऊन मी दाराशी उभी होते. त्यांनी नेमूला विचारलं, झोप लागते का? भूक लागते का? कशात मन रमतं का? तो मान हलवायचा, आणि प्रत्येक प्रश्नाला मनातल्या मनात मीही तेच उत्तर देत होते. डॉक्टर म्हणाले, अभ्यासाने मेंदूवर ताण पडलाय, विश्रांती द्या, अंगात ताकद येऊ द्या.

ते गेल्यावर मी आईजवळ गेले. "अव्वा, मला बी तसंच होतंय."

ती भाकरी थापत होती. "तुला कसला आलाय ताण? लगीन झालं की जाईल सगळं."

ताकद म्हटल्यावर कोल्हापुरात दुसरं काय सुचणार! नेमूला तालमीत घातलं. संध्याकाळी आप्पा स्वतः त्याला गंगावेशीतल्या कट्ट्यावर न्यायचे. तिथे रांगेने म्हशी बांधलेल्या, पैलवान उभे, आणि समोर काढलेलं फेसाळ दूध तिथेच प्यायचं. आमच्या जैनांच्या घरात बाहेरच्या भांड्यात कुणी पीत नसे, म्हणून आप्पांनी त्याच्यासाठी चांदीचा उंच पेला घडवून घेतला, वर नाव कोरून. दिवस मावळल्यावर आमच्याकडे पाण्याखेरीज काही तोंडात जात नसे. पण आजाऱ्याला सगळं माफ. दिवेलागणीला दूध पिऊन नेमू घरी यायचा, आणि सगळ्यांसमोर आप्पा विचारायचे, "कसं वाटतंय, बाळ?" तो म्हणायचा, "बरं वाटतंय."

आणि मी? दुपारी भिंतीकडे तोंड करून पडले, की उठायचं भान राहत नसे. तोवर दिवस बुडायचा, चुलीवर पाणी पडायचं. अव्वा म्हणायची, "रुसून बसलीस तर उपाशी झोप." मला त्या दुधाचं फारसं अप्रूप नव्हतं. मला तो प्रश्न हवा होता. कसं वाटतंय, बाळ... एकदा, कुणीतरी. उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी इचलकरंजीला आले. नेमू परीक्षेला बसला, पास झाला, पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागला. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलं, की मी त्या कागदावर पापड वाळत घालायचे. एवढं तरी करायला नको?

गेल्या भाऊबीजेला तो आला, तीच शेवटची भेट. ओवाळून झाल्यावर मी त्याच्यापुढे मसाल्याचं दूध ठेवलं, तर त्याने भांडं हळूच बाजूला सारलं.

"नको, अक्का. मला दुधाचा वास बी सोसत न्हाय."

"तू तर पेल्यानं प्यायचास की."

"प्यायचो आणि तालमीच्या मागं जाऊन ओकायचो. आप्पांचं तोंड बघितलं, की बरं वाटतंय म्हणावंच लागायचं. एकदा कुस्तीच्या हौद्यात रडू फुटलं. वस्ताद म्हणाले, बायकांगत रडतोस व्हय? सगळे हसले. तवापासनं रडायचंच बंद केलं... दर हिवाळ्यात येतंय ते, अजून. मला तुझा लई हेवा वाटायचा. तू भिंतीकडं तोंड करून पडायचीस, कुणी काय विचारायचं न्हाय."

माझं डोकं भडकलं. "कुणी विचारत न्हवतं, त्याचा हेवा? माझं कॉलेज गेलं, नेमू."

तो म्हणाला, "आणि मला विचारून काय मिळालं?" मी भांडं उचलून आत गेले. निरोप देतानाही नीट बोलले नाही.

दिवसकार्याच्या वेळी त्याच्या बायकोने, विमलने सांगितलं, की ताप अंगात घेऊन तो कॉलेजात जात होता. ती विचारायची आणि तो म्हणायचा, बरं हाय. वर्गात चक्कर येऊन पडला तेव्हा कुठे डॉक्टर आले, आणि तोवर उशीर झाला होता. मी निघताना तिने तो चांदीचा पेला माझ्या हातात ठेवला. "त्यांनी सांगून ठेवलं होतं, अक्कांना द्यायचा."

इतकी वर्षं डोळ्यांत खुपलेला पेला आता माझ्या फडताळात आहे. त्यावरचं नाव झिजलंय. परवा दिवे लागल्यावर मी तो काढला, दूध ओतलं आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच प्यायले. इतक्यात हे आत आले. दिवस मावळल्यावर माझ्या हातात दूध बघून दारातच थबकले. आमच्या घरांत असं फक्त आजारी माणूस पितो.

"काय होतंय? बरं न्हाय का तुला?"

मागांचा खडखडाट चालू होता. नेमूचं उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं... मी पेला खाली ठेवला.

"न्हाय," मी म्हणाले. "लई वर्षं झाली, बरं न्हाय."